महायुद्धात कामी आलेल्या पूर्वजाचा शोध : या चुका टाळा

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यातून लढताना कामी आलेल्या सैनिकाचा शोध घेणारे बहुतेक लोक सुरुवातीलाच अडखळतात. ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या समाध्या, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत आजच्या रूढ स्पेलिंगने आडनाव टाकतात आणि काही हाती लागले नाही की नोंदच नाही असे ठरवून मोकळे होतात. वास्तविक ही नावे कारकुनाच्या कानावर जशी पडली तशी कागदावर उतरली आहेत. जाधवांचे ‘जाधाओ’, पवारांचे ‘पोवार’ आणि शिंद्यांचे ‘सिंदे’ झालेले असू शकते. कित्येक शिपायांच्या नोंदीत तर आडनावच नाही. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढ्यावरच काम भागवलेले आहे. म्हणून शोध आडनावाऐवजी वडिलांचे नाव आणि गाव यांच्यावरून घ्यावा. पुष्कळ नोंदींच्या शेवटी, अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तमुक तालुका, जिल्हा रत्नागिरी, अशी एक ओळ असते आणि खरी ओळख त्याच ओळीत पटते.

गाव शोधतानाही आजचा नकाशा समोर ठेवू नये. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली अनेक गावे तेव्हा सातारा जिल्ह्यात किंवा एखाद्या संस्थानात मोडत होती. कुडाळकडच्या माणसाची नोंद रत्नागिरीऐवजी सावंतवाडी संस्थानाखाली सापडली तर ती चुकीची समजून सोडून देऊ नये.

नाव जुळले तरी शोध संपत नाही; माझ्या मते तो तिथून सुरू होतो, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई एकाच युद्धात होते. त्यांच्यातला आपला कोणता, हे पलटण आणि रेजिमेंटल नंबर (शिपायाला सैन्यात मिळालेला क्रमांक) यांच्या जोडीवरूनच ठरते. जोडी म्हणण्याचे कारण असे की पहिल्या महायुद्धात नंबर त्या त्या पलटणीपुरते असत आणि एकच नंबर दुसऱ्या पलटणीतही दुसऱ्या माणसाला दिलेला असे. घरात पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर ते भिंगाखाली धरून त्याची कड पाहावी. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चकचकीत करण्याच्या नादात ही अक्षरे घासून टाकणारी घरेही आहेत, त्यांच्यापुढे हात जोडावेत.

पलटणीच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ १९२२ च्या पुनर्रचनेमुळे होतो. त्यापूर्वी मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ मध्ये त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी, तर ११४ वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. १९१६ मध्ये मेलेला माणूस ‘तिसऱ्या मराठा बटालियनमध्ये’ होता असे एखाद्या अलीकडच्या लेखात वाचून त्या नावाने जुने कागद धुंडाळले तर काहीच मिळणार नाही. तेव्हा ती ११० वी पलटण होती. शिवाय घरात ‘मराठा पलटण’ म्हणून सांगितलेला माणूस प्रत्यक्षात खेचरांच्या तांड्यावर, रसदखात्यात किंवा लेबर कोअरमध्येही (मजुरांच्या दलातही) असू शकतो. पलटणीच्या यादीत तो सापडत नाही तेव्हा ही शक्यता आधी तपासावी. त्यात कमीपणा काही नाही.

स्मारक जिथे आहे तिथेच मृत्यू झाला असे मानणे ही चूक तर जवळपास प्रत्येक घरात होते. माणगाव तालुक्यातील, नाईक या हुद्द्यावरचे यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही जागा रोमच्या उत्तरेला आहे. त्यांचे नाव मात्र रोमच्या दक्षिणेला असलेल्या कॅसिनो स्मारकावर आहे, कारण त्यांची ज्ञात समाधी नाही. बसऱ्याच्या स्मारकाचेही तसेच आहे : पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) संपूर्ण मोहिमेत समाधीविना राहिलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते उभे आहे, आणि त्यातल्या भारतीय शिपायांची नावे मुळात दगडावर कोरलीच गेली नाहीत, केवळ संख्या दिली गेली. तेव्हा स्मारकाच्या छायाचित्रात नाव दिसले नाही म्हणून निराश होऊ नये. कमिशनची नोंदवही वेगळी तपासावी. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे असली तरी महायुद्धात पडलेल्या सगळ्या भारतीयांची ती यादी नव्हे, आणि २०१९ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतरचीच नावे आहेत. समाधी नाही याचा अर्थ माणूस बेपत्ता होता असाही होत नाही, कारण हिंदू आणि शीख सैनिकांचे शक्य तिथे दहन केले जात असे.

मृत्यूच्या तारखेवरून घाईने लढाई ठरवू नये. मेसोपोटेमियातले वेढलेले कुत-अल-अमारा २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेले तेव्हा तिथल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यानंतरच्या तारखेचा मृत्यू बहुधा कैदेतला असतो. मेसोपोटेमियात रोगराईने मेलेल्यांची संख्याही फार मोठी होती, म्हणून घरात ‘गोळी लागून गेले’ असे सांगत असले तरी नोंदीत तसे लिहिलेले नसेल तर ते गृहीत धरू नये. खातरजमेसाठी पलटणीची युद्धदैनंदिनी, म्हणजे पलटणीने युद्धकाळात रोज लिहिलेली नोंद, उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धातील या दैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. मात्र तिथे शिपायाचे नाव शोधण्यात वेळ घालवू नये. अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपाई ‘इतके ठार, इतके जखमी’ एवढ्यावर आटोपतात. आपल्याला हवी असते ती पलटणीची त्या दिवशीची जागा. पलटण छावणीत स्वस्थ असताना आपला माणूस मेला असेल तर तो इस्पितळात असावा किंवा दुसऱ्या पलटणीला जोडून दिलेला असावा, आणि पुढचा शोध त्या दिशेने घ्यावा.

वैयक्तिक सेवापुस्तिका क्यूकडे मागणेही व्यर्थ आहे. लंडनवरच्या १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालेले सेवेचे कागद ब्रिटिश सैन्यातल्या माणसांचे होते. भारतीय शिपायांचे कागद त्यांच्या पलटणीच्या डेपोत असत. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदींचा अलीकडे बराच गाजावाजा झाला, पण त्या पंजाबच्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या माणसाला तिथे शोधू नये. मराठा रेजिमेंटच्या बेळगाव येथील केंद्राला पत्र लिहायचे असेल तर नंबर, पलटण आणि तारीख हाती आल्यावरच लिहावे, कारण नुसत्या नावावरून तिथेही शोध लागत नाही. गावातल्या संगमरवरी पाटीवर किती जण युद्धाला गेले आणि किती परतले नाहीत एवढेच आकडे असतात, त्यामुळे तिच्यावरून नाव सिद्ध होत नाही.

सगळे तपासूनही नाव कमिशनच्या यादीत नसेल तर ते नव्याने नोंदवण्याची विनंती करता येते. कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये मान्य केले की पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार मृतांची, त्यातही प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकांची, नावानिशी आठवण ठेवली गेली नाही. अर्जासोबत सेवेचा आणि मृत्यूचा असे दोन्ही पुरावे लागतात, आणि मृत्यू पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, तर दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला असावा लागतो. सैन्यातून सुटून घरी आल्यावर मृत्यू झाला असेल तर तो सेवेतल्याच जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला हेही दाखवावे लागते. बहुतेक अर्ज इथेच लटकतात, म्हणून हा कागद आधी मिळवावा आणि अर्ज नंतर करावा.