स्कूल बोर्डावर दुसऱ्यांदा उभे राहताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत पक्ष नसतो. मतपत्रिकेवर नावासोबत फार तर तीन शब्दांचं घोषवाक्य येतं, आणि त्यातही पक्षाचं नाव चालत नाही. म्हणजे कागदोपत्री सगळेच अपक्ष. प्रत्यक्षात मात्र काहींच्या मागे पक्षाची स्थानिक मंडळी, मतदारांच्या तयार याद्या आणि पत्रकं वाटणारे हात असतात. ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही आणि जे तीन वर्षांची मुदत संपवून पुन्हा उभे राहतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत आपली माणसं भरपूर आहेत. त्यांनी या बिनपगारी कामात टिकून राहावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वेळचीच पत्रकं पुन्हा छापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'बदल हवा', 'पालकांचा आवाज' ही भाषा पहिल्या वेळी शोभते. आता तुम्ही तीन बजेटांवर मत दिलेलं आहे. बैठकांचं इतिवृत्त जाहीर असतं, कोण हो म्हणालं आणि कोण नाही ते त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही बोलला नाहीत तर विरोधी उमेदवार बोलतील, आणि ते अर्धंच सांगतील.

बसचंच घ्या. राज्याच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल आणि हायस्कूलच्या मुलांचं अडीच मैलांहून लांब असेल, तर बस द्यावीच लागते. त्याच्या आतल्या मुलांना मिळते ती कर्टसी बस, म्हणजे डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळांच्या संस्थेने) स्वखुशीने दिलेली. राज्याची मदत घटली की पहिली कुऱ्हाड बहुधा तिच्यावरच पडते. ती बंद करण्याच्या बाजूने तुम्ही हात वर केला असेल, तर पावणेदोन मैलांवर राहणारी आई ते विसरलेली नसते. तिच्या दारात जाऊन 'परिस्थितीच तशी होती' म्हणू नका. बस ठेवली असती तर काय कापावं लागलं असतं ते नावानिशी सांगा: अमुक इतके शिक्षक, वाद्यवृंदाचा वर्ग, रीडिंग स्पेशालिस्ट. तिला पटेलच असं नाही. पण हा माणूस टाळत नाही, एवढं तिला कळतं.

घरांवरच्या शाळेच्या करांबद्दलही तेच. मुलं केव्हाच शिकून बाहेर पडलेले एखादे काका दारातच अडवतात, "दोन टक्क्यांची मर्यादा आहे म्हणता, मग माझा कर पाच टक्के कसा वाढला?" इथे भलेभले अडखळतात. उत्तर असं आहे: "काका, मर्यादा तुमच्या एका घरावर नाही, सगळ्या डिस्ट्रिक्टच्या मिळून होणाऱ्या वसुलीवर आहे. गावात पुनर्मूल्यांकन झालं आणि तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली, तर वाटा तुमचा वाढतो. शिवाय कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा वाढीव खर्च, वाढलेली पटसंख्या, मागच्या वर्षांत न वापरलेली वाढ यांना मर्यादेबाहेर सवलत आहे. त्यातली कुठली आम्ही घेतली ते हे बघा." बजेटच्या सारांशाचं ते पान छापील स्वरूपात पिशवीत असू द्या. फोनवर दाखवलेलं पान ज्येष्ठांना दिसत नाही.

'मी करून दाखवीन'

एकटा सदस्य काहीच करून दाखवू शकत नाही. अधिकार बोर्डाला असतो, तोही रीतसर बैठकीत बहुमताने. राज्याच्या स्कूल एथिक्स कायद्यातल्या आचारसंहितेप्रमाणे सदस्याने वैयक्तिक आश्वासनं द्यायची नसतात, शाळा स्वतः चालवायला जायचं नसतं, आणि हितसंबंधी किंवा पक्षीय गटांपुढे आपला निर्णय गहाण टाकायचा नसतो. नवख्याने 'त्या मुख्याध्यापकाला बदलतो' म्हटलं तर अज्ञान समजून सोडून देता येतं. तुम्ही प्रशिक्षण घेतलेले विद्यमान सदस्य आहात, तुमच्यावर रीतसर तक्रार होऊ शकते. दारात कुणी शिक्षकाविरुद्ध गाऱ्हाणं सांगितलं तर ऐकून घ्या, तक्रारीचा मार्ग समजावून द्या, आणि 'मी बघतो' हे शब्द गिळा.

डिस्ट्रिक्टचा ईमेल, बोधचिन्ह, शाळेच्या कार्यक्रमात मुलांसोबत काढलेले फोटो यातलं काहीही प्रचारात आणू नका. शाळेच्या आवारात मुलांच्या हाती घरी न्यायला पत्रक देणं तर कायद्यानेच बंद आहे. शिक्षक संघटनेचा पाठिंबा मिळत असेल तर घेण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. पुढे त्याच संघटनेशी पगाराचा करार करायची वेळ येते.

सह्या आणि पैसे

नोव्हेंबरमध्ये मतदान असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत काउंटी क्लर्ककडे पोचायला हवं. चार म्हणजे चार. विद्यमान सदस्य म्हणून कुणी आठवण करून देत नाही.

सह्या आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या नोंदणीकृत मतदारांच्याच चालतात. मराठी मंडळाच्या सहलीत किंवा क्रिकेट सामन्यात तासाभरात पान भरतं, पण त्यातला एक जण शेजारच्या टाउनशिपचा निघतो, दुसरा ग्रीन कार्डवाला, आणि तिसऱ्याने घर बदलल्यावर नोंदणीच बदललेली नसते. लागतात त्याच्या दुप्पट सह्या घ्या, आणि प्रत्येक नाव मतदारयादीशी ताडून बघा.

पैशांच्या बाबतीत आपल्या समाजात होणारी चूक जास्त गंभीर आहे. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेली व्यक्ती, किंवा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासरे, यांच्याकडून पन्नास डॉलरही घेता येत नाहीत. ही बंदी फेडरल आहे आणि गावच्या स्कूल बोर्डालाही लागू आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो, मत देऊ शकत नाही. व्हिसावरचा मित्र बिनपैशाने पत्रकं वाटायला मदत करू शकतो. देणगी घेतानाच विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण नंतर पैसे परत करताना होणारी शोभा फार वाईट.

मंडळाला पाठिंबा मागणं

मराठी मंडळ किंवा मंदिर ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था म्हणून, नोंदलेलं असेल, तर त्याला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून तुमच्यासाठी मतं मागितली गेली तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. आरतीला जरूर जा, लोकांना भेटा, माइक मात्र हातात घेऊ नका. एका समाजाच्या मतांवर सहसा निभावतही नाही. आपल्यातले बरेच पालक नागरिकच नाहीत, आणि स्कूल बोर्डाला नेमाने मत देणारे ज्येष्ठ बहुधा दुसऱ्याच गल्लीत राहतात.

ऑक्टोबरची वाट बघणं

टपाली मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधीपासून निघू लागतात, म्हणजे सप्टेंबरातच. नवरात्रात पत्रक टाकायला निघालात तर काही मतं केव्हाच पडून गेलेली असतात. स्कूल बोर्ड मतपत्रिकेवर बऱ्याचदा अगदी तळाशी किंवा एका कडेला असतं. वरची मोठी नावं निवडून लोक तिथेच थांबतात. म्हणून नमुना मतपत्रिका आली की तिचा फोटो काढा, आपली जागा गोल करून दाखवा, आणि किती जण निवडायचे आहेत तेही लिहा.

प्रचारखर्चाचे अहवाल राज्याच्या निवडणूक-खर्चावर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे मतदानाच्या २९ दिवस आधी, ११ दिवस आधी आणि नंतर २० दिवसांनी जातात. खर्च आयोगाने ठरवलेल्या मर्यादेखाली असला तरी तसं सांगणारा फॉर्म भरावा लागतो, आणि प्रत्येक पत्रकावर खर्च कुणी केला ते छापावं लागतं. हे काम खजिनदार म्हणून घरातल्याच कुणाच्या गळ्यात घालण्याआधी त्याला वेळ आहे का, ते विचारा. हरलात तरी हिशेब पुरा करायचाच असतो. जिंकलात तर वर्षाच्या आत पुन्हा प्रशिक्षणाला बसावं लागतं, जुन्या सदस्यांनासुद्धा.