पाऊस ओसरल्यावर कुंड्यांना खत : दुकानात जाण्याआधीची तयारी

नवरात्राच्या सुमारास पावसाचा जोर ओसरतो, गॅलरीत पुन्हा ऊन येऊ लागते आणि चार महिने भिजून फिकुटलेली झाडे पाहिली की लगेच खत आणावेसे वाटते. ती खरेदी आठवडाभर लांबवावी. कोणत्या कुंडीला काय हवे आणि कोणत्या कुंडीला काहीच नको, हे घरी कुंड्यांसमोर बसून ठरवलेले असले, तर दुकानदाराने पुढे केलेल्या रंगीत बाटल्यांना नकार देणे सोपे जाते. येथे पुण्यासारख्या पठारावरच्या शहरातील गच्ची-गॅलरी गृहीत धरली आहे. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तेथे काही गोष्टी नेमक्या उलट ठरतात. त्या ओघात येतील.

पहिले काम कुंडीच्या बुडाकडे पाहण्याचे. कुंडी आडवी करून भोकांत जाड तार किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घालून पाहावा. पावसाने खाली बसलेल्या गाळाने भोके बुजली असतील तर झाडाची मुळे गुदमरलेली असतात आणि पाने पिवळी पडण्याचे कारण उपासमार नसून साचलेले पाणी असते. अशा कुंडीत खत घालणे म्हणजे अजीर्ण झालेल्याला पंगतीत बसवण्यासारखे आहे. त्यानंतर ज्या कुंडीत घातलेले पाणी कडेने सर्रकन खाली येते, तिच्यातील झाड मातीसकट हलकेच उपसून पाहावे. मुळे कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळली गेली असतील, तर त्या झाडाला आधी मोठी कुंडी आणि नवी माती हवी. रोपवाटिकेतून आणलेली बरीच रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कुंडीत बसवला असेल, तर वर घातलेले पाणी आणि खत बाजूने निघून जाते आणि गोळ्याच्या आत कोरडेच राहते. मातीच्या कुंडीच्या बाहेरून किंवा काठाशी पांढरी खपली आलेली असेल, तर ती नखाने खरवडून पाहावी. हे क्षार बोअरवेलच्या जड पाण्यातून किंवा पूर्वी दिलेल्या रासायनिक खतातून आलेले असतात. अशा कुंडीला खत देण्याआधी दोन-तीन वेळा भरपूर साधे पाणी घालून ते बुडातून वाहू द्यावे.

यानंतर वहीचे एक पान घेऊन झाडांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याला पुढच्या तीन महिन्यांत काय करायचे आहे, तेवढेच नोंदवावे. गुलाबाची ऑक्टोबरमधील छाटणी होऊन त्याला नवे फुटवे येणार असतात, म्हणून तो यादीत पहिला. मेथी, पालक, टोमॅटो, मिरची यांची पेरणी किंवा लागवड होणार असेल, तर त्यांच्या कुंड्या रिकाम्या असतानाच मातीत खत मिसळता येते. जास्वंद अजून फुलत असते. अडेनियम, निवडुंग आणि बहुतेक मांसल पानांची झाडे थंडीत मंदावतात. त्यांच्या नावापुढे सरळ फुली मारावी. घरातील मनीप्लांट, स्नेक प्लांट यांना उजेडच कमी मिळत असल्याने त्यांची भूकही बेताची असते. आमच्याकडे अशी यादी केली तेव्हा सव्वीस कुंड्यांपैकी खताची खरी गरज अकरांना निघाली.

त्या कुंड्यांची पाने नीट वाचावीत. खालची, जुनी पाने संपूर्ण फिकी होऊन गळत असतील तर बहुधा नत्र कमी पडले आहे. पावसात ते वाहून जातेच. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसत असेल, तर लोह मिळत नसते. पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, त्यामुळे तेथे शेणखताचा ढीग ओतूनही पाने हिरवी होत नाहीत आणि चिलेटेड लोहाचीच, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातील लोहाची, मात्रा द्यावी लागते. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून खचत असेल, तर तेथे कॅल्शियम पोहोचलेले नसते; पण त्यामागे बहुतेक वेळा पाणी देण्यातील अनियमितपणा असतो.

आता खरेदीचा विचार करू. मुख्य खर्च गांडूळखतावर किंवा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टवर करावा. पिशवी उघडून मूठभर खत हातात घ्यावे. ते चहाच्या भुकटीसारखे मोकळे असावे आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा. अमोनियाचा उग्र दर्प आला, हाताला ऊब लागली किंवा गवताच्या काड्या ओळखू आल्या, तर ते अजून तयार झालेले नाही. घरच्या कंपोस्टबद्दल शंका असेल तर वाटीभर कंपोस्टमध्ये मेथीचे दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत ते धडपणे उगवले तर कंपोस्ट वापरण्याजोगे आहे. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हुमणीच्या अळ्या असू शकतात. पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या या अळ्या मुळे खातात आणि वरून पाहणाऱ्याला झाड का सुकते आहे ते कळत नाही, म्हणून असे खत कागदावर पसरून चाळूनच घ्यावे.

जोडीला निंबोळी पेंड घ्यावी; तिच्यात साधारण चार-पाच टक्के नत्र असते आणि ते सावकाश सुटते. शेंगदाणा पेंडीत नत्र त्याहून जास्त असते, मात्र तिच्यामागे मुंग्या आणि उंदीर येतात, आणि ती भिजवून आंबवली तर तिसऱ्या दिवशी शेजारी दार वाजवतात. घरात कुत्रे असेल तर एरंडी पेंड घरात आणूच नये. तिच्यातील विष कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. हाडांचा चुरा स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) घेतला जातो, पण विम्लधर्मी, म्हणजे आम्लधर्मीच्या उलट असलेल्या, मातीत तो फार हळू विरघळतो. चुलीची राख कोकणातील आंबट मातीला मानवते. पठारावर ती टाळलेली बरी. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाकावा, अंड्यांची टरफलेही कुटून तेथेच. या दोन्हींकडून झटपट परिणामाची अपेक्षा ठेवू नये.

रासायनिक खत वर्ज्य मानण्याचे कारण नाही, पण ते घेताना पिशवीवरील तीन आकडे वाचता आले पाहिजेत. हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के सांगतात. घरासाठी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत पुरेसे होते. ०:५२:३४ किंवा १३:०:४५ ही खते द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत ठिबकातून देण्यासाठी उपयोगी आहेत. दहा कुंड्यांसाठी ती साठवण्यात अर्थ नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खताच्या पिशवीवर घटकांचे प्रमाण छापलेले असावे लागते, त्यामुळे बिनलेबलाच्या पुडीतील सुटे दाणे, कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नयेत.

हे मी किंमत मोजून शिकलो आहे. अशाच एका पुडीतील पांढरे दाणे ‘मूठभर टाका’ या सल्ल्यावर मी बारा इंची कुंडीतील गुलाबाला घातले. तो युरिया होता. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या मुठीतून सुमारे दोन किलो गांडूळखताइतके नत्र काही दिवसांत त्या मुळांवर पडले. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग कुरकुरीत, आणि आठवड्यात फांद्या वरून काळ्या पडत आल्या.

म्हणून मापाची तयारी खताच्या आधी करावी. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. १९:१९:१९ खत असा एकच चमचा घेऊन पाच लिटर पाण्यात विरघळवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत आणि तीस-चाळीस ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. खत घालण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्यावे, कारण कोरड्या मुळांना खत जाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची दोन इंच माती खुरप्याने उकरून, खोडापासून चार बोटे अंतर सोडून खत कडेने पसरावे, मातीआड करावे आणि हलके पाणी शिंपडावे. छाटलेल्या गुलाबाला गांडूळखत त्याच वेळी चालते. रासायनिक मात्रा मात्र डोळे फुटून बोटभर फुटवे आल्यावरच द्यावी. उरलेले खत झाकणाच्या बरणीत, नाव आणि तारीख लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीसारखी बरणी तर मुळीच वापरू नये.

मोगऱ्याची कुंडी या सगळ्यातून वगळावी. त्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीस व्हायची असते आणि आता दिलेल्या खताने थंडीत नुसता पाला वाढतो. वहीत त्याच्या नावापुढे ती तारीख लिहून पेंडीची एक पुडी बाजूला काढून ठेवावी.