घरबसल्या भूगोल: मोफत संकेतस्थळं कशी वापरायची

सुरुवात गूगल अर्थपासून करा. ब्राउझरमध्ये ते मोफत चालतं. मुलाला एखादी नदी मुखापासून उगमापर्यंत शोधत न्यायला सांगा आणि त्यातल्याच मोजपट्टीने, नदीवर बिंदू टाकत, तिची लांबी मोजू द्या. मोजलेली लांबी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बहुधा कमी भरते, कारण वळणं सुटतात. बिंदू जवळजवळ टाकले की फरक घटतो. हे कारण आपण सांगू नये, मुलालाच सापडू द्यावं.

मग ‘द ट्रू साइझ’ हे देशांचे खरे आकार ताडून पाहायचं संकेतस्थळ उघडा. ग्रीनलँड ओढून आफ्रिकेवर ठेवा. मर्केटर नकाशात, म्हणजे जगाच्या एका नेहमीच्या सपाट नकाशात, दोन्ही जवळपास सारखे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, हे इथे डोळ्यांनी दिसतं. घाई करू नका.

देशांच्या सरावासाठी सेटेरा हा नकाशावर देश ओळखायचा खेळ. एका वेळी एकच खंड, रोज १० मिनिटं. आफ्रिकेच्या ५४ देशांआधी दक्षिण अमेरिकेचे १२ घ्या. नुसत्या क्लिकने जागा लक्षात राहते, नाव निसटतं. म्हणून खेळानंतर कोऱ्या नकाशावर नावं हाताने लिहून घ्या.

नासा वर्ल्डव्ह्यूवर उपग्रहांनी टिपलेली चित्रं असतात; तिथे तारीख बदलून धुळीची वादळं, वणव्यांचा धूर पाहता येतो. चित्रात ढग आले तर आदला किंवा पुढचा दिवस निवडा.