पिन जपता, मग नंबर का वाटता? मोबाइल पेमेंट करताना या चुका टाळा

सांगलीत आता गणपती पेठेतल्या किराणा दुकानापासून विश्रामबागच्या वडापावच्या गाड्यापर्यंत ‘स्कॅनर कुठंय?’ एवढं विचारलं की काम भागतं. पिन कुणाला सांगायचा नाही, ओटीपी द्यायचा नाही, हे बहुतेकांना पाठ झालंय. पण खात्यातला एक रुपयाही न हलता आपलं नाव, नंबर, घरातल्या अडचणी परक्याच्या हाती जाऊ शकतात आणि तिकडे आपलं लक्षच नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाइल नंबर हाच यूपीआय आयडी ठेवणं. ॲप पहिल्यांदा सुरू करताना आपण पटापट ‘पुढे’, ‘पुढे’ दाबतो आणि बऱ्याचदा आपल्या दहा आकडी नंबराला बँकेचं शेपूट लागून आयडी तयार होतो. पुढे ज्याला ज्याला पैसे द्याल त्याच्या ॲपमध्ये, बँकेच्या मेसेजमध्ये किंवा पासबुकाच्या ओळीत हा आयडी दिसू शकतो. कॉलेजच्या मुलीने रिक्षाचे ४० रुपये दिले, एवढ्यावर तिचा नंबर आणि पूर्ण नाव अनोळखी माणसाकडे जातं. बहुतेक माणसं सरळच असतात. पण रात्री ‘हाय, पोचलीस का?’ असा व्हॉट्सॲप यायला एकच वाकडा माणूस पुरतो, आणि त्याचा त्रास तिनेच का सोसायचा?

उपाय पाच मिनिटांचा आहे. ॲपमधल्या प्रोफाइलमध्ये यूपीआय आयडीचा पर्याय असतो. तिथे नंबर, आडनाव, जन्मसाल यांपैकी काहीही नसलेला नवा आयडी करा, तोच मुख्य म्हणून निवडा आणि ॲप परवानगी देत असेल तर जुना काढून टाका. मग घरातल्याच कुणाला १ रुपया पाठवा आणि त्यांच्या मोबाइलवर नेमकं काय दिसतंय ते स्वतः बघा. तरीही नंबर दिसत असेल तर पैसे बहुधा अजून जुन्याच आयडीवरून जातायत, सेटिंग पुन्हा तपासा.

नाव मात्र लपवता येत नाही. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दाखवणं ॲपना बंधनकारक आहे. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून हा नियम हवाच. पण त्यामुळे ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे तो माणूस तो नंबर ॲपमध्ये टाकून तुमचं पूर्ण नाव वाचू शकतो. हे नको असेल तर सेटिंगमध्ये ‘यूपीआय नंबर’, म्हणजे मोबाइल नंबर टाकून पैसे घेण्याची सोय, बंद करता येतो. मग नातेवाइकांना नंबरऐवजी क्यूआर पाठवावा लागेल, एवढंच.

घरून भडंग, पापड, मसाले विकणाऱ्या ताईंनी तर स्वतःचा खासगी क्यूआर गिऱ्हाइकांना देऊच नये. धंद्यासाठी वेगळा नंबर आणि वेगळा क्यूआर घ्या.

दुसरी चूक मंडळाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज दिसते. वर्गणी भरली की लगेच स्क्रीनशॉट. त्यात नाव, आयडी, बँक, खात्याचे शेवटचे आकडे, व्यवहार क्रमांक, सगळं असतं. मग ‘मॅडम, तुमचे कालचे ५०० रुपये अडकलेत’ असा फोन आला की खराच वाटतो, कारण त्यातली माहिती खरी असते. खजिनदाराला फक्त १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, एकट्याला पाठवा, तेवढ्यावर त्यांचा हिशोब जुळतो.

पैसे पाठवताना खालच्या रकान्यात काय लिहिता तेही बघा. मिरजेच्या दवाखान्यात आई असताना भावाला पैसे पाठवले आणि ‘आईची केमो’ लिहिलं, तर ती ओळ बँकेच्या स्टेटमेंटमध्येही उमटू शकते. पुढे तेच स्टेटमेंट कर्जासाठी तिऱ्हाइताच्या टेबलावर जातं. रकाना कोरा ठेवला तरी पैसे पोचतात.

परवानग्यांचं थोडक्यात: सिम पडताळण्यासाठी एसएमएसची परवानगी लागते, काँटॅक्टची नाही, ती बंद ठेवूनही बहुतेक ॲपमध्ये स्कॅन करून पैसे देता येतात. लोकेशन मागितलंच तर ‘ॲप वापरतानाच’ निवडा.

कुणी १ रुपया पाठवून त्यासोबत घाणेरडे मेसेज धाडत असेल तर त्याला व्हॉट्सॲपवर ब्लॉक करून भागत नाही, पेमेंट ॲपमध्येही वेगळं ब्लॉक करावं लागतं. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा असतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि नंबर बदलणार असाल तर आधी बँकेत नवा नंबर नोंदवा, मग जुन्या नंबरावरचं पेमेंट ॲपचं खातं बंद करा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. जुनं सिम चालू आहे तोवर हे बऱ्याच बँकांत घरबसल्या होतं, नंतर बहुधा ओळखपत्रं घेऊन शाखेत जावं लागतं.