नावाजलेल्या वादकांना बोलावण्याआधी या चुका टाळा

स्वतःच्या खर्चाने गाणं करणाऱ्या नवख्यांचा एक भाबडा विश्वास असतो, की मोठा वादक आला म्हणजे गाणं आपोआप उभं राहतं. नाही राहत. तो त्याचं काम चोख करून जातो. तुमचा कच्चा भाग कच्चाच राहतो, फक्त आता जास्त ठळक ऐकू येतो.

मला सगळ्यात चीड येते ती पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते, पक्की न करता वादकांना वेळ मागण्याची. एका गायकाने घरचे झोपल्यावर गुणगुणत काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून) डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, केला. त्यावर तबला झाला, बासरी झाली. दोघेही जाणते. मग हा गायला उभा राहिला आणि अंतऱ्यातल्या तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'वर, आवाज चिरकला. म्हणाला, "सगळं काळी एकवर आणा ना, कॉम्प्युटरवर होतं की!" होतं. पण बासरीची फुंक जाडसर झाली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) थरथरायला लागली, तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) मेली. शेवटी दोघांना पुन्हा बोलवावं लागलं. काळी एकची बासरी, काळी एकचा तबला, पुन्हा मानधन. बासरीवाले दादा एवढंच म्हणाले, "आधी गाऊन बघितलं नव्हतं का?"

सगळ्यात उंच ओळ उभं राहून, मोकळ्या आवाजात गाऊन घेतल्याशिवाय मी कुणाला वादकाला फोन करू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. लोकांना हा छळ वाटतो. वाटू दे.

घरून वाजवून पाठवणाऱ्याला "टेम्पो ऐंशीच्या आसपास आहे" असा निरोप आणि सोबत एमपीथ्री. आसपास म्हणजे काय? नेमका टेम्पो (मिनिटाला किती ठोके) आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) लिहून द्या. 48 किलोहर्ट्झची फाइल 44.1 च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता वाजली, तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरतो आणि गाणं रेंगाळतं. एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते, तेवढ्यानेही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सरकते. फाइल वेव्हच मागा, 24 बिटची; आणि वादकाचा तुकडा कुठेही येवो, ती गाण्याच्या अगदी सुरुवातीपासूनच.

ब्लूटूथ हेडफोनवर वाजवणं: नको, आवाज उशिरा पोहोचतो.

लाल दिवा लागेपर्यंत रेकॉर्डिंगची लेव्हल चढवणं: उणे 10 डेसिबलच्या आसपास थांबा, 24 बिटला पुष्कळ झालं.

"चूक राहू दे, मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र बसवताना) बघू": मिक्स करणाऱ्यालाच विचारा, त्याला काय वाटतं ते.

"तुम्हाला सुचेल ते वाजवा" हा वादकाचा आदर नव्हे, तुमचा आळस आहे. उलट टोकाचे महाभाग प्रत्येक मुरकी (सुरांची छोटी झटपट वळणं) लिहून देतात. मग एवढा मोठा माणूस बोलावला कशाला? मी मुखडा-अंतऱ्यामधलं म्युझिक ठरवून देतो, ओळींमधल्या जागा मोकळ्या सोडतो. पहिला टेक मधे न बोलता घेतो आणि तो कधीही पुसत नाही. बरेचदा तोच राहतो.

मानधन, गाणं कुठे कुठे वापरणार, श्रेय कसं देणार, हे वाजवण्याआधी लेखी ठरवा. नावाचं स्पेलिंगही तेव्हाच विचारा, गाणं बाहेर पडल्यावर नाही.