मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतरचे पहिले तास: मदतकार्य कसे चालवावे

मोठा दहशतवादी हल्ला झाल्यावर पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा आणि रुग्णालये आपापल्या परीने धावून जातातच. धाडसाची उणीव सहसा नसते. मात्र गेल्या काही दशकांतील चौकशी अहवाल वाचले, तर एका यंत्रणेला कळलेली गोष्ट दुसरीपर्यंत वेळेत पोचली नाही, ही नोंद जवळजवळ प्रत्येकात सापडते. त्यामुळे नियंत्रण कक्ष, रुग्णालय किंवा पथक सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या मार्गदर्शनात साधनसामग्रीपेक्षा निरोप कोणी द्यावा, कसा द्यावा आणि तो कोठे पोचावा, यावर अधिक भर दिला आहे.

पहिला निरोप

घटनास्थळी सर्वांत आधी पोचलेल्या गाडीतील वरिष्ठाने जखमींना उचलण्याच्या कामात गुंतू नये. समोर कोणी विव्हळत असताना हे पाळणे फार जड जाते, परंतु त्याची दोन मिनिटे पुढच्या शेकडो माणसांच्या मदतीची दिशा ठरवतात. त्याने जे दिसते ते ठरलेल्या क्रमाने कळवावे: ही मोठी दुर्घटना आहे अशी स्पष्ट घोषणा, नेमके ठिकाण, प्रकार, धोके, आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा सुरक्षित मार्ग, जखमींची अंदाजे संख्या, आणि कोणती पथके आली आहेत व कोणती हवी आहेत. प्रत्यक्ष निरोप असा असावा: “मोठी दुर्घटना जाहीर करतो. रेल्वे स्थानक, पूर्वेकडचा पादचारी पूल. स्फोट झाला आहे, आग नाही. फलाट दोनवर बेवारस पिशवी आहे. गाड्या उत्तरेच्या फाटकाने आणा, दक्षिणेचा रस्ता बंद. जखमी साठच्या वर. पोलीस आहेत, रुग्णवाहिका आणि बॉम्बशोधक पथक हवे.” आकडा चुकला तरी चालेल, तो नंतर दुरुस्त होतो. मात्र घोषणाच झाली नाही, तर रुग्णालयांतली तयारी सुरूच होत नाही.

निरोप आला तरी तो उचलणारा हात मोकळा असावा लागतो. २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत सरकारी इमारतींजवळ स्फोट झाल्यावर एका पादचाऱ्याने पोलिसांना फोन करून संशयिताचे वर्णन आणि त्याच्या मोटारीचा क्रमांकही सांगितला. तो एका पिवळ्या चिठ्ठीवर उतरवला गेला, चिठ्ठी कामात बुडालेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचली आणि सुमारे वीस मिनिटे तिथेच पडून राहिली. हल्लेखोर त्या वेळी उतोया बेटाच्या वाटेवर होता, जिथे नंतर ६९ जणांचा बळी गेला. म्हणून नियंत्रण कक्षात एक माणूस असा बसवावा, ज्याने फोन घ्यायचे नाहीत आणि पथकेही पाठवायची नाहीत. फक्त आलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि तातडीच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून संबंधिताच्या हातात द्यायच्या. मनुष्यबळ कमी असताना ही चैन वाटते, पण तशी ती नाही.

प्रमुखांनी एका ठिकाणी उभे राहणे

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाल्यावर पोलीस हेलिकॉप्टरमधून दुसरा मनोराही पडण्याच्या बेतात असल्याचे इशारे दिले गेले; परंतु अग्निशमन दलाचे वायरलेस वेगळे होते आणि ते इशारे आतल्या जवानांच्या प्रमुखांपर्यंत पोचले नाहीत. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जवान मृत्युमुखी पडले. शहराचे आपत्ती व्यवस्थापन केंद्र त्याच संकुलातील सातव्या इमारतीत होते; ते सकाळीच रिकामे करावे लागले आणि संध्याकाळी ती इमारतही कोसळली. पर्यायी केंद्र संभाव्य लक्ष्यापासून दूर असावे, आणि तिथली किल्ली कोणाकडे आहे हे रात्रपाळीलाही ठाऊक असावे.

मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ च्या स्फोटात २२ जण ठार झाले. तिथल्या चौकशीत आढळले की अग्निशमन दलाची गाडी घटनास्थळी पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि स्फोट झालेल्या दालनात एकूण तीनच पॅरामेडिक गेले. पोलिसांच्या कर्तव्यावरील प्रमुख अधिकाऱ्याकडे इतकी कामे सोपवलेली होती की इतर यंत्रणांना त्याच्याशी बोलताच येत नव्हते. हल्लेखोर अजून फिरत असल्याच्या शंकेने अग्निशमन पथके दूर जमवली गेली. प्रत्येकाचा निर्णय त्याच्याजवळच्या माहितीपुरता समजण्यासारखा होता, फक्त ती माहिती अपुरी होती.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला खर्च लागत नाही. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय सेवा यांच्या घटनास्थळावरील प्रमुखांनी, शक्य तितक्या लवकर, ठरवलेल्या एका जागी प्रत्यक्ष एकमेकांशेजारी उभे राहावे, आणि त्यांच्या अंगावर लांबून ओळखू येतील अशी जाकिटे असावीत. पहिला प्रश्न असा: तुम्हाला असे काय माहीत आहे, जे मला माहीत नाही? त्यानंतर धोका कोणता, आत कोण जाणार आणि दर किती मिनिटांनी पुन्हा भेटायचे, हे ठरवून प्रत्येकाने आपल्या पथकांना एकसारखे आदेश द्यावेत. एका अधिकाऱ्याच्या थेट हाताखाली तीन ते सात माणसे असावीत, पाच असली तर उत्तम. त्यापुढे गेल्यास मधली पायरी निर्माण करावी. शेजारी एक नोंदनीस हवाच, जो वेळ, निर्णय आणि त्याचे कारण लिहीत राहील.

मोबाइल यंत्रणा कोलमडणार हे गृहीत धरावे. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या हल्ल्यात मोबाइलवर प्रचंड ताण आला, आणि भुयारी रेल्वेत उतरलेल्या पथकांचे वायरलेस वरच्यांशी जोडले जात नव्हते. निरोप घेऊन माणसांना जिने चढावे-उतरावे लागले. धावपटू निरोप्यांची नेमणूक योजनेतच लिहून ठेवावी, आणि त्यांना लेखी चिठ्ठी द्यावी, कारण धापा टाकत सांगितलेला आकडा बदलतो.

दुसरा स्फोट गृहीत धरणे

मदतीला आलेल्यांनाच लक्ष्य करणारा दुसरा बॉम्ब असू शकतो. म्हणून संशयित वस्तूपासून, ती पिशवीएवढी असल्यास किमान १००, मोटार असल्यास २०० आणि ट्रक असल्यास ४०० मीटर जागा रिकामी करण्याचा ब्रिटिश पोलिसांचा दंडक वापरण्याजोगा आहे. काचांपासूनही दूर राहावे. संशयित वस्तूजवळ वायरलेस किंवा मोबाइल वापरू नये. रुग्णवाहिका जिथे थांबवायच्या, ती जागा आधी तपासून घ्यावी; सर्वांत सोयीची मोकळी जागा हल्लेखोरालाही दिसलेली असते. ११ मार्च २००४ च्या माद्रिद हल्ल्यात न फुटलेला एक बॉम्ब प्रवाशांच्या सामानातून थेट पोलीस ठाण्यात पोचला होता. गोळा केलेले सामान तपासल्याशिवाय कोणत्याही इमारतीत नेऊ नये.

हल्लेखोर फिरत असल्यास परिसराचे तीन भाग पाडावेत: थेट धोक्याचा, जिथे केवळ सशस्त्र पथक जाईल, संभाव्य धोक्याचा, जिथे पोलिसांच्या संरक्षणात वैद्यकीय पथके झटपट आत जाऊन जखमी बाहेर काढतील, आणि सुरक्षित भाग, जिथे उपचार होतील. मधल्या भागात कोणीच न जाण्याचा निर्णय सर्वांत सोपा असतो, आणि रक्तस्राव होत असलेल्यांना तोच महागात पडतो.

जखमी आणि रुग्णालये

स्फोट आणि गोळीबारात टाळता येण्याजोगे मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने होतात. हातापायातून रक्त उसळत असेल, तर जखमेच्या वर पाच ते आठ सेंटिमीटरवर टूर्निकेट (रक्तस्राव थांबवण्याचा आवळपट्टा) घट्ट आवळावे, बांधल्याची वेळ लिहावी आणि ते मध्येच सैल करू नये. टूर्निकेट बांधता येत नाही अशा जागी जखमेत कापड कोंबून पूर्ण भार देऊन दाबावे. नंतर उपचाराच्या तातडीनुसार रंग देऊन वर्गीकरण, ज्यात लाल म्हणजे सर्वांत तातडीचा: चालू शकणाऱ्यांना हाक मारून बाजूला घ्यावे, ते हिरवे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला अर्धा मिनिट द्यावे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा, श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल, बाकीचे पिवळे. ही फेरी पुन्हा पुन्हा करावी, कारण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काम जखमींच्या वाटपाचे आहे. माद्रिदमध्ये एकाच मोठ्या रुग्णालयात ३०० हून अधिक जखमी पोचले आणि त्यांपैकी शंभराहून कमी दाखल करावे लागले. म्हणजे किरकोळ जखमींनीही तेच दार गाठले. बॉस्टनमध्ये १५ एप्रिल २०१३ च्या मॅरेथॉनमधील स्फोटांत २६० हून अधिक जखमी झाले, पण ते अनेक रुग्णालयांत विभागले गेले, आणि रुग्णालयात जिवंत पोचलेल्यांपैकी कोणीही दगावले नाही. अंतिम रेषेजवळ वैद्यकीय तंबू आधीच होता, हे भाग्य खरे; तरीही वाटप हे ठरवून केलेले काम होते. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या मार्गावर एक अधिकारी उभा करावा, ज्याच्या परवानगीवाचून एकही रुग्णवाहिका निघणार नाही, आणि कोणत्या रुग्णालयात किती लाल गेले याचा हिशेब त्याने ठेवावा. सर्वांत जवळच्या रुग्णालयात लोक स्वतःहून पोचतातच, म्हणून पहिल्या रुग्णवाहिका शक्यतो दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्यात.

रासायनिक हल्ल्याची शंका असल्यास रुग्णालयाच्या दारातच अंगावरचे कपडे काढून पाण्याने स्नान घालावे. कपडे काढण्यानेच बहुतांश विषारी अंश जातो. २० मार्च १९९५ च्या टोकियोतील सरीन हल्ल्यात एका रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६०० हून अधिक लोक आले, त्यांतील बरेच स्वतःच्या पायांनी. पुरेशी शुद्धी न करता रुग्ण आत घेतले गेले, त्यांतले बरेच प्रार्थनागृहात, जिथे हवा खेळती नव्हती, आणि कर्मचाऱ्यांनाच डोळ्यांचा व श्वासाचा त्रास होऊ लागला.

जनता, माध्यमे, नातेवाईक

पहिल्या तासात अधिकृत आवाज एकच असावा, आणि त्याने जे ठाऊक आहे तेवढेच सांगून पुढच्या निवेदनाची वेळ जाहीर करावी. कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण रोखण्याची व्यवस्था आधीच करावी. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून सूत्रधार फोनवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. रक्तदानाचे आवाहन रक्तपेढीने मागितल्याशिवाय करू नये. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर जमलेले कितीतरी रक्त मुदत संपून वाया गेले. नातेवाईकांसाठी एक दूरध्वनी आणि एक जागा असावी, ती शवागारापासून वेगळी. मृताची ओळख बोटांचे ठसे, दात किंवा डीएनए यांवरच पक्की करावी, केवळ चेहरा पाहून नव्हे.

सराव

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर हल्ला झाला, त्याच दिवशी सकाळी तिथल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेने एकाच वेळी अनेक ठिकाणी गोळीबार होण्याचा सराव केला होता. सरावात सगळे सुरळीत पार पडले, तर तो बहुधा फार सोपा आखलेला असतो. मध्यावर निरीक्षकाने सर्वांचे मोबाइल काढून घ्यावेत, नियंत्रण कक्षातील मुख्य अधिकारी अचानक उठवावा, आणि एक महत्त्वाची चिठ्ठी मुद्दाम चुकीच्या टेबलावर ठेवून ती योग्य हातात पोचायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे.