घर शाकारताना आधी वाऱ्याचा विचार करा

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात आणि निघताना विचारतात, "काकू, पावसाआधी घराचं काय काय करून घेऊ?" सगळ्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

पाऊस वरून पडतो असं धरून तयारी केली तर घर गळणारच. आमच्याकडे तो नैऋत्येच्या वाऱ्यावर बसून आडवा येतो. म्हणून आधी अंगणात उभं राहून घराची दक्षिण-पश्चिमेकडची बाजू कोणती ते बघा. पैसा कमी असेल, माणूस मिळत नसेल, तर आहे ते सगळं त्या बाजूला लावा. बाकीचं घर थोडंफार सांभाळून घेतं.

मृग ७-८ जूनला लागतो म्हणून तोवर वेळ आहे, असं समजू नका. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यातच. २० मेपर्यंत छपराचं काम संपलेलं असावं.

छपराची तपासणी आतून करायची. भर दुपारी माळ्यावर जा, दिवा लावू नका. जिथे उजेडाचा टिपका दिसेल तिथे खाली रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, खडूने खूण करा. गडी कौलं चाळायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, वर चढला की त्याला हीच खूण दाखवा, नाहीतर तो नजरेला पडतील तेवढीच फुटकी कौलं बदलून उतरतो. वानरांनी उड्या मारलेल्या घरात तडे बारीक असतात आणि वरून दिसत नाहीत.

फुटकं कौल बदललं तरी गळती थांबत नाही, अशी तक्रार फार ऐकते. मंगलोरी कौलाला कडेने खाच असते, पाणी त्या खाचेतून खाली वाहतं. तिथे आंब्याची पानं, माती, गेल्या वर्षीचं वाळलेलं शेवाळ दाटून बसतं. वारा पाण्याला मागे रेटतो, पाणी खाचेच्या कडेवरून चढतं आणि अख्ख्या, धडधाकट कौलाखाली ठिबकतं. खराट्याच्या काड्यांची जुडी करून प्रत्येक खाच साफ करून घ्या. गडी कंटाळा करतो. शेजारी उभं राहून करून घ्या. नवी कौलं आणताना जुन्या कौलाचा एक नमुना सोबत न्या. वेगळ्या साच्याचं कौल खाचेत नीट बसत नाही आणि त्या फटीत वारा शिरतो. शेजारी कोणी स्लॅब टाकत असेल तर त्यांची उतरवलेली कौलं मागून ठेवा, पुढे मोलाची ठरतात.

वारा छप्पर उचलतो तो कडेपासून. पागोळीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्यावरची कोन्याची कौलं, एवढी धरून ठेवली तर मधली सहसा हलत नाहीत. कोन्यांखाली सिमेंटचा माल भरा, पागोळीची कौलं रिपेला तारेने बांधा. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत लवकर गंजते; जस्त चढवलेली घ्या. पत्र्याच्या पडवीला हेच लागू: कडेचे हुक जवळजवळ हवेत, आणि गंजलेला वायसर दिसला की बदला.

पडवीला निळी ताडपत्री ताणून बांधायची पद्धत हल्ली सगळीकडे झाली आहे. मला ती पटत नाही. जोराच्या वाऱ्यात ताडपत्रीचं शीड होतं आणि ती पडवीचे वासेसुद्धा ओढते. झावळ्यांचे झाप विणून, सुंभाने बांधून लावा. खालून सुरुवात करा, वरचा झाप खालच्यावर वीतभर चढला पाहिजे. झाप पाणी अडवतो आणि वाऱ्याला थोडी वाट देतो. चिऱ्याची उघडी भिंत पाणी पिते, तेव्हा त्या बाजूच्या भिंतीलाही झाप लावले तर आत ओल येत नाही.

आता झाडं. घरावर कलणारी आंब्या-फणसाची फांदी मेमध्येच उतरवा. माडांवर पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) चढवून सुक्या झावळ्या आणि तयार नारळ काढून घ्या. तो वर असतानाच शेंडा नीट बघायला सांगा. खोडाला भोक, त्यातून तांबूस चिकट पाणी आणि चघळलेला भुसा दिसला तर आत सोंड्या भुंग्याची अळी आहे. असा माड बाहेरून हिरवा दिसतो आणि वादळात शेंड्याशी मोडतो. घराजवळचा असेल तर मन घट्ट करून तोडा.

परसातला चर उकरून पाणी पऱ्याला (ओढ्याला) लावून द्या. घरामागे दरड असेल तर तिथे पाणी मुरू देऊ नका. जमिनीला नवी भेग, कललेलं झाड, अचानक गढूळ झालेला झरा यातलं काहीही दिसलं तर सामान आवरत बसू नका, माणसं आणि गुरं घेऊन निघा. महाडजवळ तळियेला २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

हवामान खात्याचा इशारा वाचताना नुसता पावसाचा आकडा बघू नका. सरकारी हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. आमच्याकडे जुलैत तो नेहमीचा दिवस असतो. वाऱ्याचा वेग वाचा. ताशी ४०-५० किलोमीटर असेल तर दारंखिडक्या लावून घरात बसा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. निसर्ग वादळात वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता, तसल्या वाऱ्यापुढे जुन्या कौलांचा भरवसा धरू नये. स्लॅबच्या घरात किंवा शाळेत आधीच जाऊन बसा. वारा मधेच पडला तरी बाहेर येऊ नका. वादळाचा मध्य डोक्यावरून गेला की तो उलट्या दिशेने पुन्हा सुटतो.

निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद. तेव्हा रहाट आणि दोर काढून टाकू नका. काड्यापेटी, तांदूळ, कुळीथ, औषधं, थोडी रोख रक्कम घरात असू द्या. मोबाइलचा टॉवर गेला की पैसे पाठवणं आणि काढणं दोन्ही थांबतं.

आणि मुंबईला परतण्याआधी घराचे, गोठ्याचे, बागेचे चारही बाजूंनी फोटो काढा. सातबारा आणि घरपट्टीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेजाऱ्यांकडे द्या. वादळ झालं तर पडलेल्या झाडाला हात लावण्याआधी तेही फोटोत घ्या. वाट मोकळी करण्याच्या घाईत सगळं तोडून बाजूला केलं, तर तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा दाखवायला काही उरत नाही. विजेची तार पडली असेल तर मात्र फोटोसाठीही जवळ जायचं नाही, आणि ओल्या कौलांवर दोन दिवस कोणाला चढू द्यायचं नाही.